लहान मुलांतील खरूज

खरूज हा त्वचेच्या वरच्या थरात बीळ पाडून राहणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळे होणारा संसर्गजन्य त्वचाविकार आहे. इंग्रजीत त्यास स्कॅबीज म्हणतात. रात्री वाढणारी असह्य खाज, बोटांच्या बेचक्यांत व शरीराच्या घड्यांत उठणारे बारीक पुरळ आणि एकाच घरातील अनेकांना एकामागोमाग होणारी लागण ही त्याची ओळखीची लक्षणे होत. मराठीतील ‘खरूज’ हा शब्द संस्कृतातील ‘खर्जू’ या खाजवाचक शब्दाशी नात्याचा आहे. आयुर्वेदाच्या संहितांत ‘पामा’ व ‘कच्छू’ या नावांखाली वर्णिलेली लक्षणे या विकाराशी बरीच जुळतात.

जगात कोणत्याही वेळी सुमारे २० कोटी लोकांना खरूज असते असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. सर्वाधिक झळ लहान मुलांना बसते. दोन वर्षांखालील मुलांत हा विकार मोठ्यांपेक्षा वेगळा दिसतो, वेगळ्या जागी उठतो आणि त्यामुळे घामोळे, इसब किंवा ‘उष्णता’ समजून आठवडेच्या आठवडे चुकीचा उपचार होत राहतो. प्रस्तुत लेखात तान्ह्या व शाळापूर्व वयाच्या मुलांतील खरजेचे निदान व उपचार, तसेच कोल्हापूर परिसरातील तिच्या प्रसाराला अनुकूल असलेली परिस्थिती यांची माहिती दिली आहे.

कारण

खरजेस कारणीभूत होणाऱ्या जीवाचे शास्त्रीय नाव सार्कोप्टीस स्केबिआय असे आहे. बोलीभाषेत त्याला खरजेचा किडा म्हणतात. परंतु तो कीटक नसून कोळी व गोचीड यांच्या कुळातील आठ पायांचा प्राणी आहे. मादीची लांबी ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते, नर तिच्या जवळजवळ निम्मा. नुसत्या डोळ्यांना ती फार तर एखाद्या ठिपक्यासारखी दिसते. फलित झालेली मादी त्वचेच्या वरच्या मृत थरात नागमोडी बीळ कोरत जाते आणि चार ते सहा आठवड्यांच्या आयुष्यात दररोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात व बाहेर आलेल्या पिलांची दहा ते चौदा दिवसांत वाढ पूर्ण होते. उपचाराचा दुसरा हप्ता एक-दोन आठवड्यांनी का द्यावा लागतो, याचे उत्तर या दिनक्रमात आहे. पहिल्या लेपातून वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात, परंतु त्यांतून निघालेल्या माद्यांना नवी अंडी घालण्यास पुरेसा अवधी मिळालेला नसतो.

अंगभर पुरळ उठलेल्या मुलाच्या शरीरावर हे जीव हजारोंनी असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात साध्या खरजेत पूर्ण वाढलेल्या माद्यांची संख्या सरासरी दहा-पंधरा असते. खाज व पुरळ हे बहुतांशी त्या जीवाला, त्याच्या अंड्यांना व विष्ठेला शरीराने दिलेल्या ॲलर्जीसदृश प्रतिसादाचे फळ असते. हा प्रतिसाद तयार व्हायला पहिल्या लागणीत साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी खरूज होऊन गेली असेल तर मात्र एक ते चार दिवसांतच खाज सुरू होते. या विलंबाचा अर्थ कुटुंबाने नीट समजून घेण्यासारखा आहे. घरातील ज्या माणसाला आज काहीच खाज नाही, त्याच्या अंगावर खरूज असू शकते आणि तो ती मुलाला देतही असतो.

प्रसार

खरूज त्वचेला त्वचा लागून पसरते, आणि तीही ओझरत्या स्पर्शाने सहसा नव्हे. त्यासाठी बराच वेळ जवळीक असावी लागते : एका अंथरुणात निजणे, मूल कडेवर वागवणे, अंगावर पाजणे, हातात हात घालून खेळणे. तान्हे मूल दिवसातला बराच काळ कुणाच्या ना कुणाच्या अंगाला लागूनच असते. आई, आजी, मावशी, शेजारच्या मुली असे सगळे त्याला उचलतात. म्हणून घरात खरूज शिरली की ती मुलापर्यंत लवकर पोहोचते आणि मुलाकडून सर्वांपर्यंत जाते.

अंथरूण-पांघरूण व कपडे यांतून होणारा प्रसार पूर्वी फार मोठा मानला जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने शेफील्ड येथे याची प्रत्यक्ष परीक्षा केली. युद्धात भाग घेण्यास नकार दिलेले शांततावादी तरुण स्वेच्छेने या प्रयोगात सामील झाले आणि खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली अंतर्वस्त्रे व ब्लँकेटे त्यांनी वापरली. लागण फारच थोड्यांना झाली. रुग्णाच्या शेजारी एका अंथरुणात निजणाऱ्यांना मात्र ती झाली. तोपर्यंत लष्कर ब्लँकेटांच्या निर्जंतुकीकरणावर जो खर्च करी, त्याचा आधारच त्यामुळे नाहीसा झाला. शरीराबाहेर हा जीव साधारणपणे दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. थंड व दमट हवेत तो थोडा अधिक टिकतो, उष्ण व कोरड्या हवेत लवकर मरतो.

हा रोग घाणेरडेपणामुळे होतो, हा समज सर्वत्र आहे आणि तो खरा नाही. रोज आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. कारण मादी त्वचेच्या आत असते, पाण्याने व साबणाने ती निघत नाही. दाटीने राहणे व उपचार लांबणे ही तिची खरी कारणे. या गैरसमजाची किंमत मुले मोजतात. लाजेपोटी घरचे लोक शेजाऱ्यांना व शिक्षकांना सांगत नाहीत आणि न सांगितल्यामुळे एकाच वेळी सर्वांवर उपचार करण्याची संधी निघून जाते.

कुत्र्यामांजरांना व गुराढोरांना होणारी खरूज याच जीवाच्या निराळ्या प्रकारांमुळे होते. तिचा स्पर्श झाल्यास माणसाला काही दिवस खाज येते, पण तो प्रकार मानवी त्वचेवर वंशवृद्धी करू शकत नाही.

तान्ह्या मुलांतील लक्षणे

मोठ्या माणसांत खरजेचे पुरळ बोटांची बेचकी, मनगटाची आतील बाजू, कोपर, काख, बेंबीभोवतीचा भाग, कंबर, जांघा, नितंब व जननेंद्रिये येथे उठते. गळ्याच्या वर ते सहसा जात नाही. तान्ह्या मुलांत हा नियम मोडतो. डोके, चेहरा, मान, कानामागचा भाग, तळहात व तळपाय येथे पुरळ उठणे हे या वयाचे वैशिष्ट्य आहे. तळव्यांवर पाण्याने किंवा पुवाने भरलेले बारीक फोड दिसतात. काखेत, जांघेत व जननेंद्रियांवर तांबूस-तपकिरी, वाटाण्यासारख्या गाठी येतात व त्या कित्येक आठवडे राहतात.

दोन महिन्यांखालील बाळाला नेमके खाजवता येत नाही. त्याची खाज निराळ्या वाटेने व्यक्त होते. ते रात्री वारंवार रडत उठते, दूध धड पीत नाही, पाय एकमेकांवर घासते, अंथरुणावर पाठ घुसळते, काही वेळा वजन वाढेनासे होते. अशा बाळाला ‘पोटात दुखतंय’, ‘दात येताहेत’ किंवा ‘दृष्ट लागली’ असे म्हणून इतर उपाय होत राहतात. रडणाऱ्या बाळाचे कपडे काढून तळपाय उजेडात पाहणे हा यावरचा फार सोपा आणि बहुधा राहून जाणारा इलाज आहे.

मूल खाजवू लागले की ओरखडे, खपल्या व पू यांनी मूळ पुरळ झाकले जाते. इसबासारखी लाली अंगभर पसरते. म्हणून जितका उशीर होतो तितके निदान अवघड होते.

निदान

खरजेचे निदान मुख्यतः डोळ्यांनी व प्रश्नांनी होते. रक्ताची कोणतीही तपासणी त्यासाठी उपलब्ध नाही. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे बीळ : दोन मिलिमीटर ते एक सेंटिमीटर लांबीची, किंचित उंचावलेली, राखाडी नागमोडी रेघ व तिच्या टोकाशी काळसर ठिपका. लहान मुलांत ती तळपायाच्या कडेला व मनगटाजवळ शोधावी लागते. खाजवून विस्कटली गेल्यामुळे ती अनेकदा सापडत नाही.

बीळ उठून दिसावे म्हणून शाईचा जुना उपाय आहे. संशयित जागेवर फाउंटनपेनची शाई लावायची व लगेच ओल्या बोळ्याने पुसून काढायची. बीळ असल्यास शाई त्यात उतरून रेघ स्पष्ट दिसते. साधन स्वस्त असले तरी आता शाईची दौत मिळणेच दुरापास्त झाले आहे. त्वचारोगतज्ज्ञ डर्मास्कोप हे भिंगयुक्त उपकरण वापरतात. त्यातून मादीचे डोके गडद त्रिकोणासारखे दिसते व मागील बीळ विमानाने आकाशात सोडलेल्या धुराच्या रेषेसारखे. त्वचा अलगद खरवडून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास मादी, अंडी वा विष्ठा आढळतात. मात्र शरीरावर माद्याच मोजक्या असल्याने खरवडीत काही न सापडणे म्हणजे खरूज नसणे, असा अर्थ होत नाही.

खरजेसंबंधी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने २०२० मध्ये निदानाचे निकष प्रसिद्ध केले. त्यांत खात्रीशीर, लक्षणांवरून केलेले आणि संशयित अशा तीन पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर रुग्णाच्या हकिकतीतील दोन गोष्टींना मोठे वजन दिले आहे : खाज आहे का, आणि निकट संपर्कातील आणखी कोणाला खाज वा तसेच पुरळ आहे का. दुसरा प्रश्न विचारला गेला नाही तर मुलाचे निदान हटकून चुकते. मुलाला घेऊन आलेल्या आईचे हात व मनगटे पाहणे हा तपासणीचाच भाग समजावा. पाजणाऱ्या आईच्या स्तनांभोवती पुरळ असल्यास ते विशेष अर्थपूर्ण असते. आई स्वतःहून ते बहुधा सांगत नाही, विचारावे लागते.

ज्या विकारांशी गल्लत होते त्यांत घामोळे पहिले. घामोळे उन्हाळ्यात मान, पाठ व छातीवर येते, गारव्यात कमी होते, तळव्यांवर येत नाही आणि घरभर पसरत नाही. बालवयातील इसब गालांवर व हातापायांच्या बाहेरील बाजूंवर, पुढे कोपर-गुडघ्यांच्या खळग्यांत येतो. त्यात त्वचा कोरडी असते व घरात दमा-सर्दीची प्रवृत्ती आढळते. डास, पिसवा व ढेकूण यांच्या चाव्याने उठणाऱ्या गांधी उघड्या अंगावर असतात व तुटक-तुटक जागी दिसतात. नायटा कडेने वाढत जाणाऱ्या वर्तुळाचा असतो. हात-पाय-तोंडाच्या विषाणुजन्य आजारात तळव्यांवर फोड येतात खरे, पण सोबत ताप व तोंडात व्रण असतात आणि तो आजार आठवड्या-दीड आठवड्यात ओसरतो. यांपैकी इसब व खरूज एकाच मुलाला असू शकतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

निदान अवघड करणारी एक गोष्ट अलीकडच्या काळात वाढली आहे. औषधांच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणारी, स्टिरॉइड, जंतुनाशक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली मलमे खाज सुटली की सर्रास लावली जातात. स्टिरॉइडने लाली व खाज दोन-तीन दिवस दबते, घरच्यांना गुण आल्यासारखे वाटते, पण जीव वाढतच राहतात व पुरळाचे रूप ओळखू न येण्याइतके बदलते. तान्ह्या मुलाची त्वचा पातळ असल्याने स्टिरॉइड रक्तातही अधिक शोषले जाते. डॉक्टरांकडे जाताना आधी लावलेल्या मलमाची नळी सोबत नेणे म्हणूनच उपयोगी पडते.

उपचार

दोन महिन्यांवरील मुलांसाठी ५ टक्के परमेथ्रिनचे मलम हा बहुतेक ठिकाणी पहिल्या पसंतीचा उपचार आहे. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. औषध चांगले असूनही गुण न येण्याच्या तक्रारी पुष्कळ असतात, आणि त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ ते लावण्याच्या पद्धतीत सापडते. पुरळ दिसते तेवढ्याच जागी मलम लावणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय.

मलम रात्री, थंड व कोरड्या अंगाला लावतात. कढत पाण्याने आंघोळ घालून लगेच लावू नये. मोठ्यांना ते मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचे असते. तान्ह्या व लहान मुलांना मात्र डोक्याची त्वचा, कपाळ, कानांमागे व मान यांसह सर्व अंगाला लावावे लागते, फक्त डोळे व तोंड यांभोवतीचा भाग वगळून. बोटांची बेचकी, नखांखालची जागा, बेंबी, काखा, जांघा, नितंबांमधील घडी व तळपाय यांपैकी एकही जागा सुटता कामा नये. नखे आधी कापून घ्यावीत. बाळ हात तोंडात घालते म्हणून हातांना मऊ मोजे घालतात. लंगोट बदलताना किंवा हात धुतल्यावर त्या जागेचे मलम पुसले जाते, तेथे ते पुन्हा लावावे. आठ ते चौदा तास ठेवून सकाळी आंघोळ घालावी. सात ते चौदा दिवसांनी हीच कृती पुन्हा करावी. पाजणाऱ्या आईने दूध देण्यापूर्वी स्तनांवरील मलम धुऊन काढावे व नंतर पुन्हा लावावे. गरोदर स्त्रियांनाही हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले जाते.

दुसरी अट पहिलीइतकीच कडक आहे. घरातील प्रत्येकाने, खाज असो वा नसो, त्याच रात्री मलम लावले पाहिजे. दिवसभर मुलाला सांभाळणारी शेजारीण किंवा वेगळे राहणारे पण रोज येणारे आजी-आजोबाही त्यात आले. मुलाला आज, वडिलांना पगार झाल्यावर आणि आजीला ‘कशाला उगीच’ म्हणून कधीच नाही, असे झाले की खरूज घरातल्या घरात फिरत राहते. सहा-सात माणसांच्या कुटुंबाला दोन वेळा पुरेल इतके मलम विकत घेणे हातावर पोट असलेल्यांना जड जाते. चिठ्ठीवर एकच नळी लिहिली गेली तर ती सर्वांत लहानाला लागते आणि बाकीचे तसेच राहतात. उपचार फसण्यामागे अज्ञानाइतकाच हा हिशेबही असतो. सरकारी दवाखान्यात सर्व कुटुंबाची माहिती देऊन सर्वांसाठी औषध मागणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

दोन महिन्यांखालील बाळांसाठी व्हॅसलीनमध्ये कालवलेले ५ ते १० टक्के गंधकाचे मलम हा जुना व सुरक्षित मानला गेलेला उपचार आहे. ते लागोपाठ तीन रात्री लावतात. त्याला उग्र वास येतो, कपड्यांना डाग पडतात व त्वचा थोडी कोरडी होते, एवढेच त्याचे दोष. बेंझिल बेंझोएटचे द्रावण स्वस्त आहे, पण ओरखडलेल्या त्वचेला ते फार झोंबते. मुलांना ते पातळ केल्याशिवाय लावत नाहीत. एके काळी भारतात भरपूर वापरले गेलेले गॅमा बेंझीन हेक्साक्लोराइड, ज्याला लिंडेन असेही म्हणतात, ते त्वचेतून शोषले जाऊन मेंदूवर परिणाम करते व झटके येऊ शकतात. लहान मुलांना ते लावू नये. घरातील जुनी बाटली शिल्लक आहे म्हणून वापरणे तर अगदीच धोक्याचे. आयव्हरमेक्टिन हे तोंडाने घ्यायचे औषध वजनाच्या प्रत्येक किलोस २०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात, सात ते चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा देतात. १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना ते सर्वसाधारणपणे दिले जात नाही. फिजी बेटांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संपूर्ण वस्तीला आयव्हरमेक्टिन दिल्यावर वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. त्या प्रयोगातही लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना परमेथ्रिनच दिले होते. अलीकडच्या काळात परमेथ्रिनचा गुण पूर्वीइतका येत नाही, अशा नोंदी अनेक देशांतून होत आहेत. नीट लावूनही फरक पडत नसेल तर औषध बदलण्याचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञ घेतात.

जीव मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण त्यांचे अवशेष त्वचेत असतात. याची कल्पना नसल्याने पालक मलम रोज लावत सुटतात. त्याने त्वचा जळजळते, इसबासारखी होते व खाज आणखी वाढते. या काळात खाज कमी करणारे औषध व साधे त्वचा मऊ ठेवणारे मलम पुरते. काखेतल्या व जांघेतल्या गाठी तर काही महिनेही टिकतात. नवी बिळे किंवा नवे फोड दिसू लागले, तर मात्र उपचार अपुरा झाला किंवा पुन्हा लागण झाली असे समजावे.

कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालणे, करंजाचे तेल चोळणे हे उपाय घरोघरी चालत आले आहेत. त्यांनी बरे वाटू शकते, परंतु त्यांवर विसंबून औषध लांबणीवर टाकणे योग्य नाही. रॉकेल, फिनेल, शेतात फवारायचे औषध किंवा गोठ्यातील जनावरांचे गोचीडनाशक मुलाच्या अंगाला लावणे जिवावर बेतू शकते. गोचीड व खरजेचा किडा एका कुळातले असले तरी जनावराच्या औषधाची तीव्रता बाळाच्या त्वचेसाठी नसते.

कपड्यांच्या बाबतीत बेताचीच काळजी पुरते. उपचारापूर्वीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी व टॉवेल कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. वाकळ, गोधडी, घोंगडे यांसारखी सहज न धुता येणारी पांघरुणे प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर बाजूला ठेवली तरी चालतात. घर धुऊन काढण्याची, औषध फवारण्याची किंवा बाळाचे केस काढण्याची आवश्यकता नसते. पहिला लेप धुऊन टाकल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून मूल अंगणवाडीत किंवा शाळेत जाऊ शकते.

पू धरणे व मूत्रपिंडाचा विकार

खरूज क्षुल्लक मानली जाते ती खाजेपुरती. खाजवल्याने फुटलेल्या त्वचेत स्ट्रेप्टोकॉकस व स्टॅफिलोकॉकस हे जीवाणू शिरतात, फोड पिकतात, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात, काखेत व जांघेत अवधाण येते. लहान बाळांत हा संसर्ग रक्तात पसरू शकतो. स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज येण्याचा धोका असतो. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती व चेहऱ्यावर सूज, लघवीचे प्रमाण कमी होणे, तिचा रंग काळ्या चहासारखा होणे ही त्याची लक्षणे होत. त्या वेळेपर्यंत फोड सुकलेले असल्याने दोहोंचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही. बहुतेक मुले यातून बरी होतात, परंतु रक्तदाब वाढून तातडीने रुग्णालयात दाखल करण्याची वेळही येऊ शकते. पिकलेले फोड, ताप, मलूलपणा किंवा वरीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास केवळ खरजेच्या मलमावर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शोधाचा इतिहास

१६८७ मध्ये इटलीतील वैद्य जोव्हानी कोसिमो बोनोमो व औषधविक्रेते जाचिंतो चेस्तोनी यांनी हा जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे चित्र व वर्णन एका पत्रात प्रसिद्ध केले. विशिष्ट रोगाचे कारण एखादा सूक्ष्म जीव आहे, असे दाखवून देणाऱ्या अगदी पहिल्या उदाहरणांत याची गणना होते. तरीही वैद्यकविश्वाने पुढे दीडशे वर्षे खरजेचे मूळ बिघडलेल्या रक्तात शोधले. १८३४ मध्ये रनूची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सुईच्या टोकाने तो जीव काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. ही युक्ती त्याने आपल्या गावाकडच्या बायकांना करताना पाहिली होती. ‘रक्त बिघडले’ ही समजूत मात्र आजही आपल्याकडे ऐकू येते.

कोल्हापूर परिसर

कोल्हापूर जिल्ह्यात खरजेला पोषक ठरणारे प्रसंग वर्षभरात ठरावीक क्रमाने येतात. पहिला पावसाळ्याचा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी व चंदगड या पश्चिमेकडील तालुक्यांत आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. कपडे व पांघरुणे दमट राहतात आणि थंडाव्यामुळे घरातील माणसे एकत्र निजतात. दुसरा प्रसंग पुराचा. पंचगंगा व कृष्णा यांच्या काठावरील करवीर, हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील गावे २००५, २०१९ व २०२१ या वर्षी मोठ्या पुरात सापडली आणि हजारो कुटुंबांना शाळा व मंगल कार्यालयांतील निवारा केंद्रांत राहावे लागले. एका सतरंजीवर तीन घरची मुले निजतात, अशा ठिकाणी शिरलेली खरूज तेथे असेपर्यंत दिसतही नाही. लक्षणे उमटायला चार-सहा आठवडे लागत असल्याने पूर ओसरून, लोक घरी परतून, चिखल काढून झाल्यावर गणपतीच्या आगेमागे ती वर येते. पूरग्रस्तांची वैद्यकीय तपासणी केंद्रे बंद होताच थांबली, तर हा विकार तिच्यातून निसटतो.

वसतिगृहांचा विचारही वेगळा करावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यामुळे कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले जाते. आजही जिल्ह्यात आश्रमशाळा व निवासी शाळा अनेक आहेत. तेथील मूल सुट्टीत घरी येते आणि धाकट्या भावंडाशेजारी निजते. तान्ह्या बाळाच्या खरजेचा माग काढताना थोरल्या भावाचे वसतिगृह विसरले जाते.

तपासणीची सोय अस्तित्वात आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा व शाळेतील मुले एकदा तपासली जातात, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत खरजेचा उल्लेख आहे. पुढील उपचारासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि कोल्हापूर शहरातील छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय उपलब्ध आहे. सीपीआर या नावाने परिचित असलेले हे रुग्णालय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे.

सर्वांत कठीण प्रश्न ऊसतोड कामगारांच्या मुलांचा आहे. दिवाळीच्या सुमारास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून टोळ्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांकडे येतात आणि हंगाम संपेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहतात. थंडीच्या रात्री सगळे कुटुंब एका वाकळेखाली निजते. पाणी दुरून आणावे लागते, आई-वडील पहाटे फडात जातात आणि तान्हे मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. नावनोंदणी मूळ गावच्या अंगणवाडीत झालेली असल्याने येथील तपासणीत ही मुले सहज गळतात. उपचाराची पहिली रात्र कोपीवर जाऊन पार पाडता येते. दुसरी रात्र एक-दोन आठवड्यांनी असते आणि तोवर टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली असू शकते. अशा वेळी दोन्ही वेळचे मलम एकदमच हाती देणे, दुसऱ्या लेपाचा वार चिठ्ठीवर ठळक लिहिणे आणि तो मुकादमालाही सांगून ठेवणे, एवढे आरोग्यसेविकेला करता येते. वार शक्यतो बाजाराचा निवडावा. त्या दिवशी टोळीला सुट्टी असल्यास सर्व माणसे संध्याकाळी कोपीवर एकत्र सापडतात.